एकच प्याला, पण केवढा?

मद्यपानाच्या दुष्परिणामांवर मराठींत जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें दुसऱ्या एखाद्या व्यसनावर क्वचितच लिहिलें गेलें असेल. शुक्राचार्यांच्या कथेचा आधार घेऊन कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९१३ सालीं ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आणलें. राम गणेश गडकऱ्यांचा सावनेर येथें १९१९ च्या जानेवारींत अंत झाला आणि त्याच वर्षीं त्यांचा ‘एकच प्याला’ प्रेक्षकांपुढें आला. सुधाकर, सिंधु आणि तळीराम हीं नांवें शंभर वर्षें उलटून गेलीं तरी आपल्या घरोघरीं परिचयाचीं आहेत. व्याख्यानें झालीं, कीर्तनें झालीं, शपथा झाल्या. परंतु ह्या साऱ्या वाङ्मयांत एक साधा प्रश्न बहुधा कोणीं विचारला नाहीं: तो एक प्याला होता तरी केवढा?

प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. विषाचें माप कशाला काढावयाचें, असें कोणी म्हणेल. पण वैद्य ज्वर मोजल्यावांचून औषध देत नाहीं, आणि शेतकरी पाऊस किती बोटें झाला हें पाहिल्यावांचून पेरा करीत नाहीं. ज्या गोष्टीविषयीं आपण इतके चिंतित आहों, ती मोजण्याची आपणांस कधीं गरज वाटूं नये, हें खरें आश्चर्य आहे. विशेषतः महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांच्या बाबतींत हा विषय केवळ तर्कानें आणि अफवांनीं चाललेला असतो. म्हणून तरुणांचें मद्यपान आणि त्या वेळची त्यांची वागणूक शास्त्रज्ञ कशी मोजतात, व त्यांतून आपण काय घ्यावें, याचा थोडा विस्तारानें विचार आम्ही येथें करणार आहों.

लाखनीचें उदाहरण

विषय हवेंत राहूं नये म्हणून भंडारा जिल्ह्यांतील लाखनी हें गांव डोळ्यांपुढें ठेवूं. भंडारा व साकोली यांच्या दरम्यान, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर हें तालुक्याचें ठिकाण वसलें आहे. भोंवतालीं धानाचीं शेतें, तलाव, आणि चैत्रांत फुलें ढाळणारीं मोहाचीं झाडें. गांवांत महाविद्यालय आहे. आसपासच्या खेड्यांतून मुलें-मुली तेथें येतात, आणि कांहीं मुलें पुढील शिक्षणासाठीं नागपूरच्या वसतिगृहांत जाऊन राहतात. म्हणजे मोहाची घरगुती भट्टी, महामार्गावरचें ढाबे-दुकानांचें जग आणि शहरांतील वसतिगृहाची मोकळीक, या तिन्हींचा स्पर्श ह्या एका गांवाच्या तरुणांस होण्याजोगा आहे.

शेजारच्या जिल्ह्यांचे प्रयोगहि लाखनीस अपरिचित नाहींत. गांधीजींच्या कर्मभूमीचा मान म्हणून वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी आहे. वैनगंगेच्या खालच्या अंगास गडचिरोलींत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ मध्यें ती आली, डॉ. अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था त्या कामांत अग्रभागीं होती, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या नांवानें तें काम गांवोगांवीं नेण्यांत आलें. चंद्रपुरांत २०१५ मध्यें बंदी झाली व २०२१ मध्यें उठली. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१६ मध्यें महामार्गापासून ५०० मीटरांच्या आंत मद्यविक्रीस मनाई केली, आणि पुढें मार्च २०१७ मध्यें लहान वस्तीच्या ठिकाणीं हें अंतर २२० मीटर केलें. रस्त्यापासून दुकान किती लांब, हें मीटरांत मोजलें गेलें. दुकानापासून आपला मुलगा किती लांब आहे, हें मात्र कोणीं मोजलें नाहीं.

देशभराचीं मापें आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेल्या व २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत १० ते ७५ वर्षें वयाच्या लोकांपैकीं १४.६ टक्के, म्हणजे सुमारें १६ कोटि लोक, मद्य घेतात असें आढळलें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ वर्षांवरील पुरुषांत हें प्रमाण शेंकडा १९ च्या आसपास, तर स्त्रियांत शेंकडा एकाच्या थोडें वर निघालें. परंतु कुटुंब आरोग्य पाहणी घरोघर जाऊन केली जाते. वसतिगृहांत राहणारा मुलगा त्या घरीं नसतो, आणि घरीं असला तरी आईच्या देखत खरें सांगेल, असा भरंवसा काय?

तोळे आणि मासे

पहिली अडचण मापाचीच. ‘एक पेग’, ‘एक बाटली’, ‘एक क्वार्टर’ हे शब्द सारख्याच सहजतेनें उच्चारले जातात, पण त्यांत दडलेला मद्यार्क सारखा नसतो. आपल्याकडील व्हिस्की, रम वगैरे मद्यांत घनफळानें ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलिलिटरच्या लहान पेगांत त्यामुळें सुमारें १० ग्रॅम मद्यार्क येतो. जागतिक आरोग्य संघटना एवढ्याच मद्यार्कास एक ‘प्रमाण-पेला’ समजते. आतां हाच हिशोब पुढें चालवूं. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सुमारें ६० ग्रॅम, अर्थात् सहा पेले. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, अर्थात् चार पेले. “मीं फक्त एक बिअर घेतली” असें सांगणारा मुलगा खोटें बोलत नसेल. पण त्याची ‘एक’ ही संख्या चारांच्या बरोबरीची आहे हें त्यालाहि ठाऊक नसतें. मोहाच्या दारूस तर हें गणित लागूच पडत नाहीं. ‘पहिल्या धारेची’ आणि नंतरची यांत जमीन-अस्मानाचें अंतर, आणि भट्टीगणिक तीव्रता निराळी. पिणाऱ्यास आपण किती प्यालों हें कळण्याचा कांहीं मार्गच नसतो, आणि हा तिचा मोठाच धोका आहे.

पोटांत गेलेल्या मद्यार्काचें रक्तांत काय होतें, याचें गणित स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत बसविलें. त्यांच्या सूत्रानुसार ६० किलो वजनाच्या तरुणानें एक लहान पेग घेतल्यास रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ढोबळ मानानें २५ मिलिग्रॅम मद्यार्क येतो. तेवढ्याच वजनाच्या तरुणींत तो याहून अधिक चढतो, कारण स्त्रीच्या शरीरांत पाण्याचा अंश कमी असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें वाहन हांकणाऱ्यासाठीं घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे दुसऱ्या पेगाबरोबरच ती ओलांडली जाते. क्वार्टर संपविणाऱ्याच्या रक्तांत हें प्रमाण १५० च्या घरांत पोंचतें; आणि यकृत तासाला सुमारें १५ मिलिग्रॅम एवढाच निचरा करतें. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांपैकीं कशानेंहि तो वेग वाढत नाहीं. रात्रीं अकरा वाजतां मैफल संपवून झोंपी गेलेला तरुण सकाळीं सात वाजतां ताजातवाना दिसतो व मोटार-सायकल घेऊन महामार्गावर निघतो, त्या वेळीं तो कायद्याच्या मर्यादेस जेमतेम येऊन ठेपलेला असतो. अमेरिकेंत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनीं १९५४ मध्यें श्वासावरून हें प्रमाण सांगणारें यंत्र बनविलें. रस्त्यावर पोलिस फुंकावयास लावतात तें त्याच कुळांतलें आहे.

वागणुकीचें माप

रक्तांतील मद्यार्क मोजला म्हणजे वागणूक मोजली असें मात्र नव्हे. महाविद्यालयीन तरुणांच्या पिण्याची मोठी पद्धतशीर पाहणी प्रथम अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या रॉबर्ट स्ट्रॉस व सेल्डन बेकन यांनीं २७ महाविद्यालयांत केली. त्यांचा ग्रंथ १९५३ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें १९९३ मध्यें हार्वर्डच्या हेन्री वेक्स्लर यांनीं १४० महाविद्यालयांतील १७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांस प्रश्न विचारले. मागील दोन आठवड्यांत एका बैठकींत मुलानें पांच किंवा मुलीनें चार पेले घेतले असल्यास तें अतिपान समजावें, अशी त्यांची कसोटी होती. शेंकडा ४४ विद्यार्थी त्या कसोटींत सांपडले. पुढें २००१ पर्यंत आणखी तीन वेळां पाहणी झाली, आणि आंकडा जवळजवळ तेथेंच राहिला. वेक्स्लर यांनीं न पिणाऱ्यांचीहि दखल घेतली: ज्यांची झोंप मोडली, अभ्यास बुडाला, ज्यांना शिवीगाळ सोसावी लागली, त्यांचेंहि नुकसान त्यांनीं मोजलें. घरांत एक पितो व चौघें सोसतात, हें सिंधूच्या कथेवरून आपणांस ठाऊक होतेंच; येथें त्याला आंकड्याचें रूप मिळालें.

परिणाम मोजणाऱ्या प्रश्नावल्याहि तयार झाल्या. अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत १९८९ मध्यें झालेल्या मापांत २३ प्रश्न आहेत, आणि ते सारे परिणामांविषयींचे: अभ्यास राहिला का, भांडण झालें का, कर्तव्य चुकलें का, आपण कोठें होतों याची आठवणच उरली नाहीं असें घडलें का. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नांवाची दहा प्रश्नांची कसोटी आज जगभर वापरली जाते. तिच्यांत कमाल ४० गुण आहेत. ८ किंवा अधिक गुण म्हणजे धोक्याची सूचना, आणि २० च्या पुढें गेल्यास मनुष्य मद्याच्या आहारीं गेला आहे कीं काय याची तज्ज्ञाकडून तपासणी हवी. ही कसोटी बसवितांना ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे व अमेरिका अशा सहा देशांतील रुग्ण तपासले गेले. त्यांत हिंदुस्थान नव्हता. तथापि आपल्या गोव्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांवर तिचा उत्तम उपयोग झाला. १२ ते १९ गुण पडलेल्या ३७७ पुरुषांपैकीं निम्म्यांस, वैद्यकी न शिकलेल्या पण या कामासाठीं तयार केलेल्या सल्लागारांनीं चार गोष्टी समजावून सांगितल्या. तीन महिन्यांनीं त्यांच्यापैकीं ४२ टक्के लोक मागील पंधरवड्यांत मद्याला शिवले नव्हते. ज्यांस अशी मदत मिळाली नव्हती त्यांत हें प्रमाण १८ टक्के होतें. माप अचूक असलें म्हणजे अल्प उपायहि योग्य माणसास पोंचतो, असा याचा अर्थ.

पेल्यांतलें आणि मनांतलें

सर्वांत मनोरंजक प्रयोग मात्र निराळाच आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ मध्यें पिणाऱ्यांचे चार गट केले. एकास व्होडका सांगून व्होडका दिली, दुसऱ्यास व्होडका सांगून नुसतें टॉनिक पाणी दिलें, तिसऱ्यास पाणी सांगून व्होडका दिली, आणि चौथ्यास पाणी सांगून पाणीच दिलें. आपण मद्य घेत आहों असें ज्यांना वाटलें ते अधिक प्याले, मग पेल्यांत कांहीं असो. १९७५ मध्यें हीच रीत भांडखोरपणा मोजण्यासाठीं तरुणांवर योजिली गेली. हातपायांची चपळाई मंदावली ती खऱ्या मद्यानें; पण अंगांत आलेली आक्रमकता मद्य घेतल्याच्या समजुतीनें अधिक वाढली. ‘दारू बोलते, मी बोलत नाहीं’ ही सबब यामुळें बरीचशी लंगडी पडते. मैफलींत पेला हातीं आल्याबरोबर तरुण जें वागूं लागतो, त्यांतला मोठा भाग त्यानें पूर्वीं पाहिलेल्या नाटका-सिनेमांतून व मित्रांच्या बढायांतून घेतलेला असतो.

याच्या जोडीला वेस्ली पर्किन्स व ॲलन बर्कोविट्झ यांनीं १९८६ मध्यें दाखवून दिलेली गोष्ट ठेवावी. बहुतेक विद्यार्थ्यांचें स्वतःचें मत संयमाचें होतें, पण ‘बाकीचे सर्व आपल्याहून मोकळे आहेत’ असें त्यांतील प्रत्येकास वाटत होतें. जो तो दुसऱ्याच्या समजलेल्या मताप्रमाणें वागूं पाहत होता, आणि तें मत प्रत्यक्षांत फार थोड्यांचें होतें! “कॉलेजांत हल्लीं सगळेच पितात” हें वाक्य आपण वडील माणसें दिवाणखान्यांत किती सहज बोलून जातों! तें ऐकून कोपऱ्यांतला मुलगा काय शिकत असेल, याचा आम्हांस तरी आतां विचार पडतो.

खरें कसें काढावें?

लाखनींत किंवा नागपुरांत अशी पाहणी करावयाची झाल्यास खरी अडचण निराळीच आहे. महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदी कायदा चालू आहे. परवान्यावांचून मद्य घेतां येत नाहीं, सौम्य बिअरसाठीं २१ व कडक मद्यासाठीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. पदवीच्या वर्गांतील बहुतेक मुलें या वयाच्या आंतलीं असतात. म्हणजे त्यांस “तूं पितोस का?” असें विचारणें म्हणजे गुन्ह्याचा कबुलीजबाब मागणें होय. प्राध्यापक नांवनिशीवार कागद वाटतील, तर सारें महाविद्यालय गंगाजलासारखें निर्मळ निघेल आणि कागद फडताळांत जातील.

यावर स्टॅन्ली वॉर्नर यांनीं १९६५ मध्यें एक नामी तत्त्व शोधून काढलें. त्याची एक सोपी रीत अशी: प्रत्येक विद्यार्थ्यानें आडोशाला जाऊन रुपया उडवावा. छापा पडला तर कांहीं विचार न करतां ‘होय’ लिहावें. कांटा पडला तर मात्र खरें तें लिहावें. समजा २०० विद्यार्थ्यांपैकीं १३० जणांनीं ‘होय’ लिहिलें. त्यांतले सुमारें १०० ‘होय’ हे नाण्याचे, उरले ३०. म्हणजे कांटा पडलेल्या शंभरांपैकीं ३० जणांचें उत्तर खरोखर ‘होय’ आहे, आणि हेंच प्रमाण साऱ्या वर्गाचें धरावें. वर्गाचें सत्य कळलें, पण एकाहि मुलाचें गुपित फुटलें नाहीं. कारण कोणाचा ‘होय’ नाण्याचा व कोणाचा मनाचा, हें परमेश्वरासच ठाऊक. संख्या लहान असली तर हिशोब डळमळतो हें खरें. म्हणून एकाच वर्गावर न थांबतां साऱ्या महाविद्यालयास सामावून घ्यावें. या पाहणीस खर्च एका रुपयाचा, आणि तोहि परत खिशांत जातो.

शिस्त कीं प्राण?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मोजून काय साधणार? बंदी, दंड, वसतिगृहांतून हकालपट्टी हे उपाय आहेतच. शिस्त नको असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु केवळ भीतीवर उभारलेली शिस्त एका प्रसंगीं प्राणघातक ठरते. मद्य अति झालें म्हणजे मनुष्य बेशुद्ध होतो, श्वास मंदावतो, आणि उताणें पडलेल्यास उलटी होऊन ती श्वासमार्गांत अडकते. अशा वेळीं शेजारीं बसलेले मित्र “अधीक्षकांना कळलें तर आपण सारेच जाऊं” या भीतीनें दार लावून घेतात व सकाळची वाट पाहतात. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें २००२ च्या सुमारास नियम केला कीं, मित्राच्या मदतीसाठीं वैद्यास बोलावणाऱ्यास व त्या आजाऱ्यास शिक्षा होणार नाहीं. तेव्हां मदतीसाठीं येणारीं बोलावणीं वाढलीं, आणि शिक्षेच्या भयानें गप्प बसलों असें सांगणारे विद्यार्थी कमी झाले. आपल्या वसतिगृहांच्या नियमपत्रकांत असें एक कलम घालण्यास कोणत्याहि कायद्याची आडकाठी दिसत नाहीं.

म्हणून प्रत्येक घरांत ठाऊक असावें: बेशुद्ध पडलेल्यास कुशीवर वळवावें, एकटें सोडूं नये, तोंडांत कांहीं घालूं नये, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. व्यसनासंबंधीं सल्ला हवा असल्यास १४४४६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ मध्यें सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनीं व्यसनी माणसास गुन्हेगार न मानतां आजारी मानण्याची दृष्टि महाराष्ट्रास दिली, हें आपलें भाग्यच.

आपल्या घरांपुरतें

आमच्या वाचक-कुटुंबांत हा विषय काढणेंच अनेकांस अप्रशस्त वाटतें. “आपल्यांत कोणी घेत नाहीं” या वाक्यानें चर्चा मिटविली जाते, आणि दोष मोहाच्या झाडाकडे, भट्टीकडे, मजुराकडे ढकलला जातो. मोह हा आदिवासींच्या देवकार्यांत, अन्नांत व औषधांत मुरलेला आहे. त्याच्यावर खापर फोडणें न्यायाचें नव्हे. आणि पेल्यांतील दहा ग्रॅम मद्यार्क पिणाऱ्याचें गोत्र विचारीत नाहीं. सुधाकर हा शिकलेला, बुद्धिमान, प्रतिष्ठित वकील होता. गडकऱ्यांनीं त्याला मुद्दाम तसा रंगविला. एका अपमानाच्या दिवशीं त्याच्या हातीं प्याला आला. त्या दिवशीं त्याची विचारपूस करणारा एखादा तरी मनुष्य तळीरामाच्या आधीं पोंचता, तर पुढचे अंक निराळे झाले असते.

सुटींत घरीं आलेल्या मुलास “पितोस का?” असें दरडावून विचारण्यापेक्षां, एका क्वार्टरांत सहा पेले असतात हें त्याच्याबरोबर कागद घेऊन गणितानें मांडावें. रात्रींच्या मैफलीनंतर सकाळीं गाडी कां हांकूं नये, याचा हिशोब त्यालाच करूं द्यावा. “मित्र बेशुद्ध पडला तर काय करशील?” हें विचारावें, आणि “आम्हांस केव्हांहि फोन कर, त्या वेळीं आम्ही रागावणार नाहीं” असें वचन द्यावें व पाळावें. मुलींनाहि हें सारें तितक्याच मोकळेपणीं सांगावें. त्यांना तर सोबत्यांच्या वागणुकीचा धोका अधिक.

मोजमापानें मोह सुटत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण ज्याचें माप नाहीं त्याची केवळ भीति वाटते, आणि भीतीच्या छायेंत मुलें बापाशीं बोलत नाहींत. माप हातीं आलें म्हणजे बोलावयास निदान एक विषय मिळतो. लाखनीच्या एखाद्या वडिलांनीं आणि नागपुरास निघालेल्या त्यांच्या मुलानें एस्. टी. येईपर्यंतच्या अर्ध्या तासांत एवढें बोलणें केलें, तरी तें पुष्कळ व्याख्यानांहून अधिक कामास येईल.